कॉलेजचा खर्च कुणी सोसायचा? जोतीरावांची अर्धीच साक्ष वाचणाऱ्यांना उत्तर

१/२०
महाविद्यालयीन शुल्काचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ज्याला पदवीचा लाभ, त्यानेच पदवीचे दाम मोजावेत. अलीकडे त्याला इतिहासाचा आधारही जोडला जातो. शेतकऱ्याच्या कराचा पैसा उच्च शिक्षणावर उधळू नका, असे १८८२ साली खुद्द महात्मा फुले यांनीच हंटर आयोगाला सांगितले नव्हते काय? आजचा धागा हा आधार तपासण्यासाठी आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकते : जोतीरावांची ही अर्धीच साक्ष आहे. उरलेली अर्धी वाचली, तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

२/२०
प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू. पदवीधराला पुढे अधिक मिळकत होते. जो मजूर किंवा जी शेतकरीण कॉलेजची पायरी कधी चढली नाही, तीही मीठ-मिरचीपासून चपलेपर्यंत खरेदी करताना कुठे ना कुठे कर भरते. तिच्या पैशावर दुसऱ्याच्या मुलाने डॉक्टर का व्हावे? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. तो विचारणाऱ्याला 'गरीबविरोधी' म्हणून झिडकारणे सोपे आहे, पण त्याने उत्तर मिळत नाही. उत्तर हवे असेल, तर आपल्याकडे कॉलेज कुणाच्या पैशावर उभे राहिले, येथपासून आरंभ करावा लागतो.

३/२०
पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ती रक्कम सरकारी खजिन्यातून येई, आणि खजिना मुख्यतः रयतेच्या शेतसाऱ्यावर भरे. १८१८ नंतर कंपनी सरकारने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्याच निधीतून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे डेक्कन कॉलेजापर्यंत गेलेली परंपरा ती हीच. या पाठशाळेत विद्यार्थी फी देत नसत. उलट त्यांनाच दरमहा वेतन मिळे. आणि आरंभी प्रवेश फक्त ब्राह्मणांना होता. म्हणजे पुण्यातल्या पहिल्या सरकारी महाविद्येचा हिशेब असा : पैसा रयतेचा, आसन एका जातीचे.

४/२०
मुंबईत वेगळी वाट निघाली. १८२७ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त होऊन निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ अध्यापकपदे निर्माण करावीत म्हणून वर्गणी जमा झाली. रक्कम दोन लाखांच्या वर गेली. देणगीदार होते संस्थानिक, सरदार, व्यापारी. एल्फिन्स्टन कॉलेजचे मूळ या वर्गणीत आहे. त्या कॉलेजातून पुढे दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसे बाहेर पडली. त्यांच्या शिक्षणाचा संपूर्ण खर्च त्यांच्या वडिलांनी केला, असे म्हणता येणार नाही. कुणीतरी आधीच भरून ठेवले होते.

५/२०
'फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही' हे वाक्य आपण घराघरांत ऐकतो आणि ते आपल्या आजीचे शहाणपण आहे, असे समजतो. त्याचा सरकारी जन्म १८५४ चा आहे. चार्ल्स वुड यांच्या प्रसिद्ध खलित्यात विनाशुल्क शिक्षणाला लोक मान देत नाहीत, म्हणून अल्प का होईना फी असावी, हा विचार मांडला गेला. खासगी संस्थांना सरकारने अनुदान द्यावे, ही पद्धतही त्याच खलित्यातली. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले.

६/२०
आता रयतेकडे वळू. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकापासून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा उपकर घेतला जाऊ लागला. यालाच लोकल फंड म्हणत. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. दुष्काळ असो, कर्ज असो, हा आणा चुकत नसे. ज्या गावात शाळाच नव्हती, त्या गावचा कुणबीही तो भरत होता. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या जोतीरावांच्या संतापाचे एक कारण या आण्यात आहे.

७/२०
ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगाला आपले निवेदन दिले. त्याचा पूर्वार्ध सर्वांना ठाऊक आहे. सरकारचा महसूल बहुतांशी कष्टकऱ्यांच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली पाझरेल, हा सरकारचा भरवसा होता. शिकलेल्या वरच्यांनी खालच्यांसाठी आजवर काय केले, हे दाखवा, असे जोतीरावांनी विचारले. आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. 'ज्याला लाभ, त्याचे दाम' म्हणणारे येथे पुस्तक मिटतात.

८/२०
पुढे वाचू. याच निवेदनात जोतीराव म्हणतात की शिक्षण खालचे असो वा वरचे, त्याची सूत्रे सरकारच्याच हाती राहावीत. सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेतले, तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल. शिवाय ते कुणा एका वर्गाच्या किंवा पंथाच्या हाती जाऊन सरकारी संस्थांत असलेली तटस्थता धोक्यात येईल, असे त्यांना वाटत होते. शिष्यवृत्तीविषयी तर ते फारच स्पष्ट आहेत : केवळ स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटणे दिसायला न्याय्य आहे, पण त्याने मागे राहिलेल्या जातींत शिक्षण पसरत नाही. म्हणून ज्यांच्यात शिक्षण पोचलेच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या ठेवा.

९/२०
दोन्ही भाग शेजारी ठेवून पाहा. जोतीरावांची तक्रार 'जनतेच्या पैशाचे कॉलेज' याविरुद्ध नव्हती. जनतेच्या पैशाच्या कॉलेजात जनतेचीच मुले नाहीत, ही तक्रार होती. पहिल्या तक्रारीवर उपाय म्हणजे सरकारने हात आखडणे. दुसरीवर उपाय म्हणजे दार रुंद करणे. एका माणसाची तक्रार घ्यायची आणि त्याने स्पष्टपणे नाकारलेला उपाय त्याच्याच नावाने खपवायचा, याला इतिहासाचा आधार म्हणत नाहीत.

१०/२०
आयोगाने काय केले? प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम द्यावा असे म्हटले, आणि माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या थेट व्यवस्थापनातून सरकारने हळूहळू बाहेर पडावे अशीही शिफारस केली. पण वरून आखडलेला हात खाली पोचला काय? १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. जोतीरावांच्या साक्षीला तेव्हा तीस वर्षे झाली होती. 'कॉलेजवरचा पैसा वाचवून गावच्या शाळेला देऊ' हे आश्वासन आजही दिले जाते. त्याचा पहिला हप्ता अजून बाकी आहे.

११/२०
सरकारने जागा सोडली तेथे खासगी संस्था आल्या, आणि त्यांतल्या काही थोर होत्या. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उघडले. तेथे गोखल्यांनी दरमहा ७५ रुपयांवर दीर्घकाळ अध्यापन केले. सरकारी नोकरीत त्यांच्यासारख्याला याहून कितीतरी अधिक मिळाले असते. तो फरक कुणी भरला? शिक्षकाने भरला, आणि त्याच्या घरच्यांनी भरला. त्यागाचेही हिशेबाच्या वहीत एक खाते असते. आज तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांकडून तेच खाते सक्तीने भरून घेतले जाते, आणि त्याला आपण त्याग म्हणत नाही इतकेच.

१२/२०
कोल्हापुरात शाहू महाराजांनी एक गोष्ट फार लवकर ओळखली. खेड्यातला मुलगा कॉलेजच्या फीमुळे अडतो त्याआधी रात्री कुठे निजायचे आणि दोन वेळा काय खायचे, यातच अडतो. १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. 'शिक्षणाचा खर्च' म्हणजे फीची पावती, असे मानणाऱ्यांनी कोल्हापूरचा हा धडा पुन्हा वाचावा. पुण्यात राहून एम.ए. करताना माझी वर्षाची फी मेसच्या दोन महिन्यांच्या बिलाइतकीही नाही. माझ्या वर्गातून गळालेले दोघे फीमुळे गळाले नाहीत, खोलीभाड्यामुळे गळाले.

१३/२०
बडोद्याचे उदाहरण तर या वादाच्या गाभ्याशी आहे. सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकरांना बी.ए.साठी दरमहा २५ रुपये दिले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले. अट होती : परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. आजच्या भाषेत सांगायचे तर आधी शिका, मग कमावून फेडा. यापेक्षा वाजवी करार कोणता?

१४/२०
१९१७ साली आंबेडकर करार पाळायला बडोद्यास गेले. परदेशी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळाली नाही. जात लपवून पारशी पथिकाश्रमात आसरा घ्यावा लागला, तेथूनही लोकांनी हुसकावले. अखेर त्यांना बडोदा सोडावे लागले. शैक्षणिक कर्जाच्या समर्थकांनी येथे थांबून विचार करावा. फेडीचा प्रत्येक करार गृहीत धरतो की पदवी मिळाली की बाजार सर्वांना सारखेच मोल देईल. जगातल्या अत्यंत विद्वान माणसांपैकी एकाच्या बाबतीतही ते गृहीतक टिकले नाही. कर्जाचा हप्ता मात्र जात, लिंग, गाव पाहत नाही. तो सर्वांना सारखाच येतो.

१५/२०
आंबेडकरांचा कोलंबियातला प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर होता. १९२५ साली तो ग्रंथरूपाने आला, तेव्हा त्यांनी तो सयाजीरावांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. सार्वजनिक पैसा कसा जमतो आणि कुणावर खर्च होतो, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात ते शिक्षण खात्याच्या मागण्यांवर बोलले. कला महाविद्यालयांच्या खर्चातला सुमारे ३६ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या फीतून येतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि याला शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. शिक्षण खाते 'दिले तितके घेतले' या तत्त्वावर चालवता येणार नाही, शिक्षण शक्य तितके स्वस्त केले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. जोतीरावांच्या साक्षीचा उत्तरार्ध खऱ्या अर्थाने वाचणारा माणूस हा.

१६/२०
येथे कुणीतरी कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेईल. 'कमवा आणि शिका' म्हणणाऱ्या कर्मवीरांनी सरकारपुढे हात पसरले होते काय? १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. साताऱ्याच्या वसतिगृहासाठी गावोगावच्या बायाबापड्यांनी मूठमूठ धान्य दिले. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. हा इतिहास अभिमानाचा आहेच. पण त्यातून धोरण काढताना सावध राहावे. ज्या रयतेने उपकराचा आणा आधीच भरला होता, तिनेच पुन्हा मूठभर जोंधळाही दिला. तिला शिक्षणासाठी दोनदा मोजावे लागले. परक्या सरकारच्या काळातली ही लाचारी स्वकीय सरकारसाठी आदर्श ठरवणे, हा लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांचा गौरव नव्हे.

१७/२०
स्वातंत्र्यानंतर काही काळ दार खरोखर रुंद झाले. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलांना फीमाफी मिळाली. हीच ती 'ईबीसी' सवलत. माझे आजोबा तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिच्यावर शिकले. आमच्या घरातले पहिले पदवीधर ते. १९६६ साली कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे सुचवले. हे उद्दिष्ट १९६८ च्या शैक्षणिक धोरणात आले आणि २०२० च्या धोरणातही पुन्हा आले. उद्दिष्ट गाठले गेले असते, तर ते पुन्हा लिहावे लागले नसते.

१८/२०
१९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. कारणे खोटी नव्हती : जागा थोड्या होत्या, तिजोरी अपुरी होती, महाराष्ट्रातली मुले देणगी देऊन कर्नाटकात जात होती. तालुक्यातालुक्यातून अभियंते निघाले, हेही खरे. पण चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा मोफत, निम्म्या शुल्काच्या अशी योजना घालून दिली. त्याच वर्षी पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आवर्ती खर्चाचा १५ टक्के आणि पुढे २५ टक्के भाग स्वतः उभा करावा असे सुचवले. १९९७ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या चर्चापत्राने उच्च शिक्षणाला अनुदानास पात्र नसलेल्या सेवांच्या रांगेत बसवले. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्याच्या निकालाने उन्नीकृष्णन योजनाही गेली.

१९/२०
काळाचा क्रम नीट पाहा. विश्रामबाग वाड्यात एकाच जातीची मुले बसत होती, तेव्हा त्यांना शिकण्यासाठी वेतन मिळत होते. ईबीसीच्या पिढीची मुले, आरक्षणातून आलेली मुले, घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या मुली जेव्हा दारात येऊ लागल्या, नेमक्या त्याच दशकांत 'लाभार्थ्याने दाम मोजावेत' हे तत्त्व अर्थशास्त्राचा नियम म्हणून सांगितले जाऊ लागले. कुणी कट रचला, असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र डोळ्यांसमोर आहे. आजोबांना उत्पन्नाच्या दाखल्यावर जे मिळाले, त्यासाठी माझ्या धाकट्या भावाच्या अभियांत्रिकी प्रवेशात वडिलांनी दीड एकर गहाण टाकले. आणि गंमत अशी की सरकारचा पैसा वाचलाही नाही. शिष्यवृत्ती आणि शुल्कप्रतिपूर्तीच्या रूपाने तो खासगी संस्थांकडे जातोच. २०२४ साली आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी सरकारने उचलली. निर्णय स्वागतार्हच आहे. पण पैसा जनतेचा आणि संस्था जनतेची नव्हे, ही घडी जोतीरावांना मान्य झाली असती काय?

२०/२०
तर खर्च कुणी सोसावा? माझे उत्तर : समाजाने, करातून. पदवीधराला लाभ होतो हे मान्य. तो लाभ प्रत्यक्ष हाती आल्यावर चढत्या आयकरातून वसूल करा. ज्याला अधिक मिळाले त्याने अधिक द्यावे, ज्याला बडोद्यातल्या आंबेडकरांसारखे दार बंद मिळाले त्याच्या मागे हप्ता लावू नये. लाभ होण्याआधीच, प्रवेशाच्या खिडकीवर, बापाच्या सातबाऱ्याकडे पाहून वसुली करणे हा न्याय नाही. राहिला शेतकरणीच्या कराचा प्रश्न. तिच्यावरचा कराचा भार हलका करा आणि तिच्या मुलीला वसतिगृहासकट कॉलेजात जागा द्या. जोतीरावांच्या आक्षेपाची ही दोन टोके आहेत. दोन्ही एकदम धरली, तरच तो आक्षेप मिटतो. एकच टोक धरून कॉलेजचे दार ओढून घेणाऱ्यांनी निदान त्यांचे नाव तरी वापरू नये. प्रतिवाद असेल तर अवश्य करा, पण निवेदन शेवटपर्यंत वाचून या.